गाईनं चाटलेला बोल्ट

आमच्या गावात बजरंग नावाचे लई हायेत. पर पाव्हण्यानं येशीत "बजरंग फिटर कुटं राहतो" म्हणून इचारलं की लोक लगेच सांगतेत, "बोल्ट चाटलेला का? सरळ जावा. अंगणात भुईवर ठेवलेली काळी टाकी दिसली की तेच घर." अर्धी जिंदगी मी साखर कारखान्यात पाना फिरवण्यात घालवली. बॉयलर बघितले, मिलचे रोल उतरवले, आन् नाव निघालं ते जिभेच्या कामावरून. आता ज्याचं त्याचं नशीब, म्हणून मी बी काय बोलत न्हाई.

आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या कडा गावापासून जवळच हाय. बापानं मला शाळेत घातलं आन् मास्तरानं बाहेर काढलं, तवा एका फिटरच्या हाताखाली पाने पुसायला लागलो. त्यानं मला एकच इद्या शिकवली. हातोडीनं बोल्टाच्या टाळक्यावर हळूच मारायचं आन् कान द्यायचा. टण् वाजलं तर बोल्ट घट्ट, बद् वाजलं तर ढिल्ला. ही इद्या मला इतकी लागली की मी दिसंल त्याला ठोकून बघायला लागलो. टरबूज ठोकलं, घराची भिंत ठोकली, येसकराची पत्र्याची पेटी ठोकली. थोरल्या लेकीला, राजनंदिनीला बघायला गेवराईचा पोरगा आला, तवा तो आत चहा पीत होता आन् मी बाहेर त्याची मोटारसायकल ठोकत होतो. टण् वाजली, म्हणून मी होकार दिला. जावई अमरसिंह चांगला निघाला हे खरं हाय, पर त्यात माझ्या कानाचा काय हात न्हाई, हे मला आता कळतंय.

माझी बायको छबुबाई म्हणायची, "आवो, तुमी बोलायच्या आधी ठोकता आन् ठोकल्यावर बोलतच राहता." ते काय खोटं न्हाई. कोणाचा पंखा कुरकुरला, कोणाचं शटर अडकलं, की मी जाऊन टण् टण् करायचा आन् वर एक भाषण द्यायचा. लोक ऐकून घेत, कारण काम फुकटात होई. मला वाटायचं लोक ग्यान घ्यायला बसलेत.

उसाचा हंगाम संपून कारखान्याचा पट्टा पडला की आमी पाच-सात फिटर दर साली कोकणात समुद्राकाठच्या एका मोठ्या कारखान्यात कामाला जातो. त्यांचा कारखाना उन्हाळ्यात काही दिवस बंद असतो, तवा जुनं खोलायचं आन् नवं बसवायचं. तिथं पहिल्यांदा गेलतो तवा मी गंज बघून थक्क झालो. आमच्या बीडकडं गंज म्हणजे लाल भुकटी. फुंकर मारली की उडून जाती. तिथला गंज पिकासारखा उगवतो. एका बोल्टाच्या डोक्याला खारीच्या बिस्किटागत पापुद्रे सुटलेले, बोटानं काढावं तितके निघतेत. दुसऱ्याचा समुद्राकडचा गाल खाऊन टाकलेला आन् इकडचा गाल कालच रंगवल्यागत. कुटं नट फुगून बोल्टाशी एकजीव झालेला, कुटं दोन प्लेटांच्या मधी गंजानं पोट काढून प्लेटाच वाकवलेल्या. आन् सगळ्यात उलटं काय, तर पावसात उघडे पडलेले बोल्ट बरे असायचे आन् छपराखालचे सडलेले असायचे.

तिथं मनिषा मॅडम म्हणून एक इंजिनिअर होत्या. लोखंड किती खाल्लंय ते बघायचं त्यांचं काम. माझ्या लेकीच्या वयाच्या असतील. त्यांना मी म्हणलं, "मॅडम, छत्रीखालचा माणूस भिजतो आन् उघड्यावरचा कोरडा राहतो, असं कुटं असतंय व्हय?"

त्या म्हणल्या, "मामा, भिजण्याचा प्रश्न नाही, मिठाचा आहे. वाऱ्यासोबत मीठ सगळीकडे बसतं. उघड्यावरचं मीठ पाऊस धुऊन नेतो. छपराखालचं तसंच राहतं आणि फटीत शिरतं. म्हणून इथला बोल्ट बाहेरून बघून सांगू नका. डोकं चांगलं, नट चांगला, आणि मधली दांडी खाल्लेली असते. उघडूनच बघा."

मी हातातली हातोडी दाखवून म्हणलं, "उघडायला कायला पायजे? मला ऐकू येतंय." मॅडम हसल्या आन् पुढं गेल्या. मला वाटलं, हरल्या.

गेल्या साली राजू पोटुशी होती. राजू म्हणजे राजनंदिनीच, घरात तिला कोणी पूर्ण नावानं हाक मारत न्हाई. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून उन्हाळ्यात ती आमच्याकडं येणार होती. आन् आमच्याकडं उन्हाळ्यात पाण्याची तऱ्हा काय असती ते बीडच्या माणसाला सांगायला नको. टँकर आला की बॅरल भरायचे, बॅरलातून घागरी, घागरीतून तांबे. माझ्या मनानं घेतलं की लेकीनं वाकून घागर उचलायची न्हाई. अंगणात उंचावर मोठी टाकी बसवायची, टँकरवाल्याच्या मोटारीनं वर पाणी चढवायचं, आन् घरात नळ. तोटी फिरवली की पाणी. तिनं खाटेवर पडून हुकूम सोडायचा. एवढी एकच गोष्ट मला त्या साली करायची होती.

त्याच साली समुद्राकाठी एक जुनी पंपाची शेड पाडत होते. शेडीत चार पायांचं भक्कम स्टँड होतं, माणसाच्या दुप्पट उंच, कमरेएवढ्या उंचीवर पायांना बोल्टांचे जोड. ते भंगारात चाललं होतं. मी गेलो, हातोडी काढली, चारी जोड ठोकले. टण्, टण्, टण्, टण्. देवळातली घंटा काय वाजंल असं वाजलं. भंगारवाल्याशी बोलून मी ते तसंच्या तसं, एक नट न हलवता, टेम्पोत घातलं. मनिषा मॅडम तिथनं चालल्या होत्या. थांबून म्हणल्या, "मामा, नेताय तर घरी गेल्यावर सगळे बोल्ट बदलून टाका हं." मी म्हणलं, "हो मॅडम," आन् टेम्पोवाल्याला म्हणलं, "चल बे, बसलेला बोल्ट कोण उठवतो?"

कड्याच्या बाजारात मल्लिनाथ अप्पांचं लोखंडी सामानाचं दुकान हाय. माझी तिथं चहाला बसायची जागा ठरलेली. टेम्पो बाहेर उभा करून मी अप्पांना स्टँड दाखवलं. अप्पा चष्मा वर करून बघत राहिले. म्हणले, "बजरंगराव, लेकीसाठी हाय म्हणता, तर मूठभर नवे बोल्ट घेऊन जावा. मनाला बरं."

मी काय म्हणलो असंल? म्हणलो, "अप्पा, तुमचे बोल्ट बाजारातले. माझे समुद्रानं पारखलेले हायेत." आन् मग दुकानात बसलेल्या चार माणसांना मी माझं शास्त्र सांगितलं. समुद्राचा गंज समुद्राच्या हवेवर जगतो. मासा पाण्याबाहेर काढला की जसा मरतो, तसा हा गंज आपल्या कोरड्या हवेत आला की मरतो. घाट चढून वर आला की खलास. हे शास्त्र मी कुटं शिकलो म्हणाल, तर कुटंच न्हाई. टेम्पोत बसल्या बसल्या सुचलं होतं. पर ती चार माणसं माना हलवायला लागली, तवा मलाबी ते खरं वाटायला लागलं.

स्टँड उभं केलं. वरून चंदेरी रंगाचे दोन हात मारले. वर काळी टाकी चढवली. पहिल्यांदा घरातल्या नळाला पाणी आलं तवा छबुबाईनं तोटी चालू-बंद करून करून अर्धी बादली पाणी सांडलं आन् मी काय बोललो न्हाई. राजू आली, सातवा सरला होता. तिला घर तापायचं, म्हणून ती दुपारी खाट काढून स्टँडखाली पडायची. वर पाण्यानं भरलेली टाकी, खाली सावली, टाकी भरताना सांडलेल्या पाण्याचा ओलावा. अख्ख्या गल्लीत तेवढीच एक थंड जागा. आल्यागेल्याला मी खाटेजवळ उभा राहून सांगायचा, "जग पडंल, पर हे स्टँड पडणार न्हाई." राजू डोळे मिटून माझ्यासंगं शेवटचे शब्द म्हणायची. तिला ते पाठ झालं होतं.

आता गाईकडं येतो.

शेजारच्या वत्सलाकाकूंची एक तांबडी गाय हाय. सकाळी सोडली की ती सरळ आमच्या अंगणात यायची आन् स्टँडच्या एका पायाच्या जोडाला चाटत उभी राहायची. पहिल्यांदा वाटलं ओलावा लागतोय. मग रोजचंच झालं. चाटून चाटून तिनं तिथला चंदेरी रंग काढला. काकू एक दिवस हाका मारत आल्या, गाय बघितली, आन् हातच जोडले. म्हणल्या, "बजरंगा, गाय उगाच कशालाबी जीभ लावती का? तुझ्या जागंत काय तरी हाय." दुसऱ्या दिवशी त्या जोडावर हळदीकुंकू आलं. तिसऱ्या दिवशी फूल. मग गल्लीतल्या दोन-चार बाया बी यायला लागल्या.

खरा शहाणा असता तर म्हणला असता, काकू, हे काय चाललंय. मी काय केलं? मला आत कुटंतरी लई गोड वाटलं. मी म्हणलं, मुक्या जनावराला बी चांगलं काम वळखू येतंय. बायांना सांगितलं, "ह्या जोडाचे बोल्ट समुद्रावरचे हायेत. असला जोड तुमाला सगळ्या तालुक्यात मिळणार न्हाई." ते तेवढं मात्र मी खरं बोललो होतो.

त्या जोडाच्या फटीतनं पांढरं काहीतरी फुलायचं, मला वाटायचं रंग उलतोय. पायावरनं लाल ओघळ खाली आलते, मला वाटायचं काकूंचं कुंकू टाकीच्या पाण्यानं वाहतंय. कुंकू पुसायचं कसं, म्हणून मी ते फडक्यानं सुद्धा टिपलं न्हाई. एवढा मोठा गंजाचा जाणकार मी, आन् गंजाला कुंकू समजून पाया पडत होतो.

मे महिन्यातली दुपार. सकाळीच टँकर येऊन गेलता, टाकी तोंडोतोंड भरली होती. राजू खाली झोपली होती. सकाळी येऊन गेलेली गाय पुन्हा आली, चाटायला लागली. छबुबाई उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. बघत बघत म्हणली, "आवो, दावणीला मीठ टाकल्यावर काकूंची गाय अशीच जीभ फिरवती. डोळे बी असेच मिटती. हिला काय देव बीव दिसत न्हाई, हिला मीठ लागतंय."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. म्हणलं, "बीडमधी लोखंडाला मीठ कोण लावंल?" आन् एवढं बोलून मी जोडाकडं बघितलं. मला ती शेड दिसली. तिचं छप्पर दिसलं. वाऱ्यासोबत मीठ सगळीकडं बसतं, हे मनिषा मॅडमचं वाक्य माझ्या कानात आलं. ह्या कानानं ते ऐकलं होतं, आत घेतलं नव्हतं.

मी उठलो, गाईला बाजूला केलं, हळदीकुंकू बोटानं पुसलं. इकडं तिकडं बघितलं. आन् वाकून बोल्टाला जीभ लावली.

खारट. नुसतं खारट न्हाई, तर तुरट, लोखंडी, आन् मागून तीच समुद्राकाठच्या वाऱ्याची चव, जी तिथं दिवसभर काम केल्यावर ओठाला लागती. मी डोकं वर केलं तर गाईच्या मागोमाग फूल घेऊन आलेल्या वत्सलाकाकू समोरच उभ्या. त्यांनी मला बोल्ट चाटताना बघितलं, डोळे मिटले आन् मला हात जोडले.

आता पुढं जे मी केलं ते कोणत्याही येड्यानं केलं नसतं. टाकी भरलेली, खाली लेक झोपलेली, आन् ह्या जाणकारानं जोडाच्या बोल्टाला पाना लावला. जोर बी लावला न्हाई. नट फिरला न्हाई. बोल्टाचं डोकंच हातात आलं, पिकलेलं बोर देठापासून सुटावं तसं. मी त्याच्यामागची दांडी बघितली. डोक्यापाशी जाड आन् मधी उदबत्तीच्या काडीएवढी. वरची रंगवलेली टोपी तेवढी बोल्टाची, आत सगळी काळी भुकटी. भोकात गंज फुगून असा घट्ट बसला होता की तोच बोल्ट धरून उभा होता. शेजारचा बोल्ट मी पान्यानं हळूच ठोकला. टण् वाजला. जिंदगीभर ज्या आवाजावर मी भाषणं दिली, तो आवाज गंजाचा होता.

"राजू, ऊठ," मी म्हणलं.

"बाबा, उन्हात कुटं जाऊ?" तिनं डोळे सुद्धा उघडले न्हाईत.

"ऊठ म्हणतोय न्हवं. हे पडंल."

ती झोपेतच हसली. "जग पडंल," ती म्हणली, "पर हे स्टँड पडणार न्हाई."

छबुबाई म्हणली, "कायला पोरीला तरास देता? आत्ता कुटं डोळा लागलाय तिचा." मी बोल्टाचं डोकं दाखवलं. ती म्हणली, "एक निघाला तर दुसरा लावा की. तुमाला काय अवघड हाय?" सगळ्यांना माझ्यावर केवढा तो भरवसा. मीच रोज पाणी घालून वाढवलेला.

पोटुशी लेकीला ओढून काढायचं धाडस झालं न्हाई, तिच्या धक्क्यानं खाट स्टँडच्या पायाला लागली तर काय होईल म्हणून. मी म्हणलं, आधी वरचं वजन कमी करावं. टाकी साफ करायला तळातनं खाली आणलेल्या पाइपला हातापाशी मोठी तोटी होती, ती सगळी उघडली. पाणी धो धो अंगणात आलं.

मे महिन्यात आमच्याकडं पाण्याचा असला आवाज होत न्हाई. तो गल्लीभर गेला. क्षणात दहा दारं वाजली आन् बाया घागरी, कळश्या, पातेली घेऊन धावत आल्या. कुटं? तर तोटीजवळ. म्हणजे बराबर त्या स्टँडखाली. मी हात पसरून "मागं सरा, मागं सरा" म्हणून वरडत होतो आन् त्या माझ्या काखेखालनं घागरी घालत होत्या. काकू म्हणल्या, "मेल्या, पाणी मातीत घालतोस व्हय?" आन् त्यांनी हात घालून तोटी बंद केली. मी उघडली. त्यांनी पुन्हा बंद केली. "येड लागलंय ह्याला, बोल्ट चाटतोय सकाळपासनं," कोणीतरी म्हणलं. राजू खाटेवर उठून बसली, पर गंमत बघायला. बसली ती तिथंच.

ती तिथं बसलेली, पोटावर हात, तोंडावर हसू, आन् डोक्यावर ती काळी टाकी. मी वरडून बघितलं, शिव्या देऊन बघितल्या. माझ्या वरडण्याची तर सगळ्यांना सवयच होती. मग माझा आवाजच बसला. मी बोल्टाचं ते मोडकं डोकं हातावर ठेवून राजूपुढं धरलं आन् म्हणलं, "राजू, मला बोल्टातलं काय कळत न्हाई."

हळूच बोललो मी. पर गल्ली गप झाली.

"त्या मॅडमनं सांगितलं होतं, उघडून बघा. मी न्हाई बघितलं. अप्पा नवे देत होते, मी घेतले न्हाईत. टण् वाजलं म्हणून बसवलं. मला काय बी कळत न्हाई, राजू."

राजूनं माझ्या तोंडाकडं बघितलं. जन्मल्यापासनं तिनं हे वाक्य माझ्या तोंडून ऐकलं नव्हतं. तिचं हसू गेलं. तिनं काय इचारलं न्हाई, चप्पल बी शोधली न्हाई. पोटाला धरून, खाटेला न टेकता, हळूच उठली आन् भर उन्हात अनवाणी अंगणाच्या बाहेर जाऊन उभी राहिली. ती गेली म्हणल्यावर छबुबाई गेली. मग एकेक बाई घागर उचलून मागं सरली. काकूंनी जाताना तोटीवरचा हात काढला.

मी तोटी पुन्हा उघडली. पाणी मातीत चाललं आन् सगळी गल्ली कुंपणाबाहेर उभी राहून बघत होती. तेवढ्यात राजू बाहेरनं म्हणली, "बाबा, त्या तोटीला नळी लावून बाहेर सोडा की." नळी माझ्या पायाशीच पडली होती. मी लावली. कुंपणाबाहेर घागरी भरायला लागल्या आन् माझ्या शिव्यांपेक्षा त्या नळीनं जास्त लोक लांब ठेवले.

टाकी रिकामी झाली. दोन गडी दोर घेऊन आले. लांब उभं राहून आमी टाकीला दोर टाकला आन् ओढली. टाकी कुंपणापाशी येऊन पडली, तिला खरचटलं सुद्धा न्हाई. पर त्या ओढीनं स्टँडचा तो पाय जोडात मोडला, गुडघ्यात वाकल्यागत, आन् सगळं लोखंड एका अंगानं खाली बसलं. खाटेवर बसलं. खाटेच्या दोन्ही बाजूच्या पट्ट्या मोडल्या. उशी तिथंच होती, राजूच्या डोक्याचा खड्डा तिच्यात तसाच होता.

मी त्या उशीजवळ भुईवर बसलो आन् सगळ्या गल्लीपुढं रडलो. कोणी हसलं न्हाई. नंतर हसले, आजपर्यंत हसतेत, पर त्या येळेला न्हाई.

संध्याकाळी मी सगळे बोल्ट उघडले. काहींच्या दांड्या चांगल्या होत्या, काहींना नुसती खळी पडलेली, आन् त्या मोडलेल्या पायाच्या सगळ्या बोल्टांची कंबर गेलेली. टाकी भरताना रोज पाणी त्याच पायावरनं ओघळायचं. घाट चढून आल्यावर समुद्राचा गंज मरतो म्हणणाऱ्या माणसानं त्याला रोज टँकरचं गोडं पाणी पाजलं होतं. मी एका बोल्टाचा फोटो मनिषा मॅडमला पाठवला. त्यांचा जवाब आला, "मामा, फार सुंदर नमुना आहे. जपून ठेवा." सुंदर म्हणे. शिकलेल्या माणसाचं असंच असतंय. पर मी ठेवलाय जपून.

टाकी तवापासनं भुईवर हाय. घरातल्या नळाला पाणी येत न्हाई. घागर मी उचलतो. राजूला उचलू दिली न्हाई, तेवढा शब्द राखला.

जूनमधी राजूला मुलगी झाली. बारशाला अमरसिंह आन् गेवराईची मंडळी आली. नाव संस्कृती ठरलं. पाळणा टांगायचा म्हणल्यावर घरातल्यांनी एकमेकांकडं बघितलं. आढ्याला लोखंडी गर्डर हाय, त्याला कडी बसवायची, म्हणजे बोल्ट आला. जावयानं हळूच म्हणलं, "मामा, कड्याहून कोणाला बोलवू का?" राजू म्हणली, "कावून? बाबाच बसवतील."

मी अप्पांकडं गेलो. अप्पांनी नवे बोल्ट कागदात बांधून दिले आन् म्हणले, "समुद्रानं पारखलेले न्हाईत बरं का हे." मी मान खाली घालून चहा पिलो. घरी येऊन कडी बसवली. सवयीनं हातोडी मारली. टण् वाजलं. त्या आवाजावर माझा इश्वास बसंना. नट उघडला, दांडी बघितली, पुसली, पुन्हा बसवला. पुन्हा उघडला. बाया नटूनथटून बसल्या होत्या, घुगऱ्या निवत चालल्या होत्या. शेवटी मी कडीला दोर बांधला आन् स्वतःच लोंबकळलो. पाव्हण्यांपुढं, नव्या धोतरावर, पाय पोटाशी घेऊन. काकू म्हणल्या, "आधी आज्याचंच बारसं करा." मी छबुबाईला म्हणलं, "तू बी धर." तिनं माझ्याकडं असं बघितलं की मी पुन्हा म्हणलो न्हाई. जावयाला म्हणलं, त्यो बिचारा आला आन् धरून लोंबकळला. दोघं लोंबकळलो. कडी हलली न्हाई.

खाली उतरून मी पाळणा बांधला. राजू लेकरू घेऊन आली. मी आडवा हात घातला. म्हणलं, "थांब जराशी. एकदा अजून उघडून बघतो. मला अजून खात्री न्हाई."

राजूनं माझा हात बाजूला केला आन् लेकरू पाळण्यात ठेवलं.

"बाबा," ती म्हणली, "तुमाला खात्री असती तर मी ठेवलं नसतं."

बायांनी पाळणा म्हणायला सुरुवात केली. मी मात्र पाळण्याखाली दोन्ही हात धरून वाकून उभा होतो, आन् त्यांचं म्हणणं संपस्तोवर काढले न्हाईत.